उसवल्याशिवाय कळत नाही

मुंबईहून गोव्याच्या रस्त्याला लागलं की पेण, वडखळ, नागोठणं आणि मग कोलाड यायच्या आधी खांब. एस.टी.त डुलकी लागली तर कधी येऊन गेलं ते कळतही नाही. रोहा तालुक्यातलं हे माझं गाव. मी इथे जन्मलो, शिक्षणासाठी मुंबईला गेलो, एकोणचाळीस वर्षं एका बँकेत लोकांच्या मौल्यवान वस्तू तारण ठेवून घेतल्या आणि ३१ मार्च २०२० ला निवृत्त झालो. टाळेबंदीमुळे निरोप समारंभ झाला नाही, त्यामुळे शाल-श्रीफळही हुकलं. शालीची भरपाई पुढे गावी झाली, त्याचीच ही हकीगत.

आमच्या घरात सात गोधड्या होत्या. आता सहा आहेत. कुणाकडे हिला वाकळ म्हणतात, सीमाभागात कौदी म्हणतात, आमच्याकडे गोधडीच. मी त्यांच्यात लोळलो, त्यांच्यात लपलो, लहानपणी त्या ओल्या करून शेजारी झोपलेल्या दादाचं नावही सांगितलं. पण साठ वर्षांत त्यांच्याकडे नीट पाहिलं मात्र नव्हतं. पाहिल्यावर जे जे कळत गेलं ते असं.

१. ज्या गोधडीने माझा अपमान झाला असं मला वाटलं, ती घरातली सगळ्यात मानाची निघाली. मे २०२० मध्ये पास मिळवून मी गावी पोचलो. बाहेरून आलेल्या चाकरमान्याने तेव्हा चौदा दिवस वेगळं राहायचं असे. माझी सोय पडवीत झाली. वहिनींनी उंबऱ्याच्या आतूनच एक घडी माझ्याकडे सरकवली. मूळ रंग कोणता ते ओळखू येत नव्हतं, चार ठिकाणी ठिगळं होती, एका कोपऱ्यातून आतलं कापड डोकावत होतं. माजघरात दांडीवर धडधाकट गोधड्या लटकत असताना मला ही? तीन दिवस मी मनातल्या मनात दादाला ऐकवायचं भाषण तयार करत होतो. झोप मात्र रोज रात्री अशी लागायची की भाषण सकाळी पुन्हा पहिल्यापासून जुळवावं लागे. चौथ्या दिवशी कळलं, या घरातली बाळंतीण, तापाने फणफणलेलं पोर, आणि शेवटच्या चार महिन्यांत आमची आई, या सगळ्यांना हीच गोधडी दिली जाई. सगळ्यांत मऊ, सगळ्यांत हलकी, आणि कितीही वेळा उकळत्या पाण्यातून काढली तरी चालणारी. भाषण मी गिळलं. ते अजून पचलेलं नाही.

२. जपून ठेवलेली वस्तू टिकते, ही माझी बँकेतली समजूत होती. ३ जून २०२० ला ती कौलांबरोबर उडून गेली. निसर्ग चक्रीवादळ त्या दिवशी श्रीवर्धनच्या बाजूने किनाऱ्यावर चढलं आणि दुपारपर्यंत आमच्या छपराचा एक कोपरा शेजारच्या वाड्यात होता. आभाळच फाटलं तर ठिगळ कुठे लावणार, असं म्हणतात. आम्ही ते ताडपत्रीचं लावलं. पोटमाळ्यावर पत्र्याची पेटी होती. तिच्यात पेणच्या आजीने आईच्या लग्नात दिलेली गोधडी. माहेरची म्हणून आईने ती जन्मात कधी अंथरली नाही. डांबराच्या गोळ्या घालून, फडक्यात गुंडाळून, कुलपात. पेटी भिजली म्हणून उघडली, तर गोधडी प्रत्येक घडीच्या रेषेवर पेणच्या पापडासारखी मोडली. मी वादळाला शिव्या घालू लागलो. वहिनींनी एक तुकडा बोटांत चुरला आणि म्हणाल्या, “पाण्यानं नाय, भावोजी. पेटीनं खाल्ली.” साठ-पासष्ट वर्षं एकाच घडीवर राहिलेलं सुती कापड तिथेच झिजतं, कसर लागते, दमट हवा बाकीचं करते. दांडीवरच्या सहा गोधड्याही त्याच पावसात निथळल्या होत्या. त्यांना जमतील तशी उन्हं दाखवली आणि त्या पुन्हा कामाला लागल्या. रोज झटकणं, रोज निराळी घडी पडणं, वर्षातून एकदा वैशाखात धुतलं जाणं, यालाच जपणूक म्हणतात हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. म्हणजे सांगत असतील. मी तेव्हा लॉकरच्या किल्ल्या मोजत असेन.

३. वस्तूचं आयुष्य संपलं हे ठरवण्याचा हक्क, तिच्याबद्दल हळवं झालेल्या माणसाला देऊ नये. त्या मोडलेल्या गोधडीचे तुकडे चौकटीत बसवून भिंतीवर लावावेत, असं मी सुचवलं. पेणला आमच्या मामांच्या घराला लागून गणपतीचा कारखाना आहे. मामांना फोनवर हे सांगितलं तर ते म्हणाले, “चौकट कशाला? इकडे पाठवून दे, मातीवर टाकायला फडकी कमीच पडतात.” शाडूची मूर्ती करताना माती वाळून तडकू नये म्हणून तिच्यावर ओलं सुती कापड टाकून ठेवतात. जितकं जुनं कापड, तितकं पाणी धरणारं. टाळेबंदी थोडी सैल झाल्यावर एका टेम्पोतून ते गाठोडं गेलं. त्या वर्षी भाद्रपदात उत्सव साधेपणाने, छोट्या मूर्तींनीच झाला. पेणच्या आजीच्या लुगड्याखाली अर्धवट घडलेले किती गणपती झोपले असतील, कोण जाणे. माझ्या भिंतीवर एकही झोपला नसता.

४. गोधडी वाचता येते, पण वरून नाही. फाल्गुनात वालाच्या शेंगा घरात आल्या, हात जरा मोकळे झाले, आणि वहिनींनी माझी ती पडवीतली गोधडी उसवायला काढली. नवं अस्तर घालायचं होतं. मी ओरडलोच, “अहो, वारसा आहे तो!” त्यांनी ब्लेडचं अर्धं पान माझ्या हातात दिलं. उसवणं हे कष्टाचं काम आहे. टाका कापायचा, कापड नाही. पहिल्या तासात मी दोन्ही कापत होतो. पण थर सुटू लागले तसा मी गप्प झालो. वर वहिनींची पातळं, साधारण नव्वदच्या सालांतली. त्याखाली नायलॉनच्या साडीचा एक थर, मग पांढरा मांजरपाट, कडेला गिरणीचा निळा शिक्का अर्धा पुसलेला. त्याखाली आईची दोन लुगडी. त्याखाली आजोबांचं धोतर, जाळीसारखं विरलेलं. आणि अगदी मध्ये, दीड हाताचा एक हिरवट तुकडा. तो आजीच्या लुगड्याचा, असं दादा म्हणाला. विहीर खणताना माती, मुरूम, खडक असे थर लागतात ना, तसं. आमच्या घराण्याची वंशावळ काढायला मी एकदा सुट्टी घेऊन सरकारी कचेऱ्या पालथ्या घातल्या होत्या. ती अशी ओटीवर पसरलेली सापडेल असं वाटलं नव्हतं.

५. या गोधडीला घरात ‘आजीची गोधडी’ म्हणत, पण ती आजीची नव्हती. हे पचवायला मला वेळ लागला. ती आजीने शिवली, असं आम्ही तिन्ही भावंडं शपथेवर सांगितलं असतं. पण तिचा एकही टाका त्यात उरलेला नव्हता. कापड म्हणाल तर तो दीड हाताचा तुकडा. दर बारा-पंधरा वर्षांनी कुणीतरी ती उसवलेली, विरलेलं काढलेलं, आपलं जुनं लुगडं घातलेलं आणि नव्याने टाके घातलेले. बँकेत असतो तर अशा वस्तूवर मी ‘मूळ दस्तऐवज नाही’ असा शेरा मारून ती परत केली असती. मी वहिनींना विचारलं, मग हिला आजीची का म्हणायचं? त्या म्हणाल्या, सुरुवात त्यांची होती म्हणून. मग थोडं थांबून, “आन् माझी म्हणाया मी अजून जिवंत हाय ना.” म्हणजे गोधडीवर नाव लागायलाही गेल्यावाचून चालत नाही.

६. सुती कापड आपल्याबरोबर म्हातारं होतं; टेरिकॉट होत नाही. तो निळ्या शिक्क्याचा मांजरपाट बाबांचा. ते लालबागच्या एका गिरणीत साचा खात्यात होते. कामगारांना डागी तुकडे स्वस्तात मिळत, आणि शिमग्याला येताना बाबांच्या ट्रंकेत ते असत. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या हाकेवर अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही, आणि बाबाही परत गेले नाहीत. मांजरपाटाच्या वर वहिनींच्या पातळांखाली जो नायलॉनच्या साडीचा थर होता, तो त्यानंतरचा. गिरणीचं कापड घरात यायचं थांबलं आणि बाजारात ‘इस्त्री लागत नाही, आटत नाही’ असं कापड आलं होतं. वहिनींनी तो थर आधी उपटून टाकला. तो घाम पीत नाही, धुऊन मऊ पडत नाही आणि निसरडा असल्यामुळे शेजारचे थर जागचे हलवतो. आता नव्या थरासाठी माझंही काही घालावं, अशी टूम मी काढली. डोंबिवलीच्या घरून आणलेली बॅग उपसली. बँकेतल्या एकोणचाळीस वर्षांचे शर्ट, सगळे टेरिकॉट, सगळे धडधाकट. वहिनींनी एकेक बोटांत धरून पाहिला आणि बाजूला ठेवला. शेवटी माझी घरात नेसायची जुनी लुंगी तेवढी पास झाली. ज्या कपड्यांत मी मोठा साहेब होतो, त्यातला एकही गोधडीच्या लायकीचा नव्हता.

७. ज्या कामाला आपण ‘बसल्या बसल्या’ म्हणतो, त्याचा एकदा हिशेब करून पाहावा. मी केला, कारण दुसरं काही मला येत नाही. आमची गोधडी साधारण दोन मीटर लांब, दीड मीटर रुंद. टाक्यांच्या ओळी दोन बोटांच्या अंतरावर, म्हणजे सुमारे तीन सेंटिमीटर. रुंदीत पन्नास ओळी, प्रत्येक दोन मीटरची: शंभर मीटर धावदोरा. एका टाक्याला एक सेंटिमीटर धरला तर दहा हजार टाके. एका गोधडीचे. सहा गोधड्या, बहुतेक चार-पाच वेळा उसवून शिवलेल्या. पुढचा गुणाकार मी केला नाही. आईला मी ‘तू दिवसभर काय करतेस’ असं विचारल्याचं मला स्पष्ट आठवतं. तिने काय उत्तर दिलं ते आठवत नाही. बहुधा दिलं नसावं. टाका मोजत असेल.

८. गोधडीत माणसाचा हात कळतो, आणि पाय अडकतो. चार दिवस नुसतं पाहून झाल्यावर मी सुई मागितली. ओटीवर थर पसरले, चारही कोपऱ्यांवर पाटे आणि भरलेले तांबे ठेवले, हाताने सुरकुती काढत आधी लांब लांब कच्चे टाके घातले. मग कडेपासून आत, एकेक फेरा. वहिनी सुईवर एका दमात चार-पाच टाके उचलत. मी एकेक, तोही दिशा चुकवत. सुई दोन बोटांत धरून मी सही करायच्या पवित्र्यात बसलो होतो. “भावोजी, सुई हाय ती, बॉलपेन नाय.” डावा हात कापडाखाली ठेवायचा, सुईचं टोक बोटाला कळलं की वर घ्यायचं, हे तंत्र मला माझ्या डाव्या तर्जनीने रक्त काढून शिकवलं. टाके मोठे पडत होते. मला वाटलं, काम लवकर उरकेल. वहिनींनी तेव्हा सांगितलं की बारीक टाका हा देखणेपणासाठी नसतोच. टाका मोठा झाला की रात्री झोपेत पायाचं बोट त्यात अडकतं, माणूस पाय ओढतो आणि दोरा तुटतो. अंथरूण पाहून पाय पसरावे हे मी आयुष्यभर ऐकलं होतं. पाय पाहून टाका घालावा, हे पहिल्यांदाच कळलं. माझ्या वाट्याचा खालचा कोपरा तरीही वाकडाच झाला.

९. गोधडी शिवताना कापडापेक्षा बोलणं जास्त जोडलं जातं, आणि पुरुष येऊन बसला की दोन्ही थांबतं. पहिले दोन दिवस मी सुई घेऊन बसलो की वहिनी, चुलत वहिनी आणि तळ्याला दिलेली माझी ताई अचानक हवापाण्यावर बोलू लागत. तिसऱ्या दिवशी त्या मला विसरल्या. हा माझ्या निवृत्तीनंतरचा सर्वांत मोठा सन्मान. त्या ओघात मला माझ्याच घराबद्दल नवं काही कळलं. घरातल्या आणखी एका गोधडीचे टाके अर्धे पांढरे आणि अर्धे लाल आहेत. लहानपणापासून मी ती नक्षी समजत होतो. पाहुण्यांना कौतुकाने दाखवतही असे. ताई म्हणाली, नक्षी कसली? आई एकदा आजीशी बिनसून पेणला निघून गेली होती, तेव्हा अर्धी शिवलेली गोधडी डोक्यावर घेऊन गेली. पुढचे टाके तिथल्या दोऱ्याचे. सात महिने तिकडे राहिली. बाबा मुंबईत होते, त्यांना सांगितलंच नव्हतं. मी तेव्हा दीड वर्षाचा, तिच्या कडेवर. म्हणजे मीही गेलो होतो की! ती परत आली तेव्हा आजीने काही विचारलं नाही. उरलेल्या चार ओळी घालायला समोर बसली, आपला पांढरा दोरा बाजूला ठेवून लाल दोरा ओवला. त्या चार ओळी कोणत्या ते ताईने बोटाने दाखवलं. आजीचा टाका आईच्यापेक्षा बारीक आहे.

१०. वाटणीत जे मोजलं जात नाही, ते दिलं म्हणजे आपण उदार ठरतो, असं नाही. महामार्गाच्या रुंदीकरणात घरासमोरचा तुकडा गेला, त्याचा मोबदला आला, त्या निमित्ताने सगळ्या कागदांवर सह्या झाल्या. ताईला तळ्याहून बोलावलं. वडिलोपार्जित मिळकतीत मुलींनाही मुलांसारखा हक्क महाराष्ट्राने १९९४ मध्ये दिला, २००५ मध्ये तो देशभर झाला. हे घरात सगळ्यांत जास्त मला माहीत होतं, कारण असले कागद तपासण्यातच माझी नोकरी गेली. ताईने हक्कसोडावर सही केली, चहा घेतला आणि निघताना म्हणाली, आईची ती लहान गोधडी असेल तर द्या. आम्ही ताबडतोब दिली. दादाला आणि मला अगदी मन भरून आलं होतं, ताईचं मन किती मोठं म्हणून. आता ओटीवर तीच गोधडी तिने उसवायला आणली होती. मी दोरा कापत होतो आणि माझ्या डोळ्यांसमोर तो कागद येत होता, त्यावरची माझी वळणदार सही, साक्षीदार म्हणून केलेली. तिच्या मनात त्याबद्दल काही आहे का, हे विचारायला अजून मला धीर झालेला नाही. अजून सुईत दोरा ओवायलाही मला तीन खेपा लागतात. हे तर त्याहून अवघड आहे.

११. जगाने कौतुक केलं की आपल्याला आपल्या घरातलं दिसतं, ही माझी जुनी खोड आहे. पुण्याची सून फोनवर चित्रं दाखवू लागली. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या यल्लापूर-हल्याळकडच्या सिद्दी बायका, आफ्रिकी वंशाच्या, त्यांची कवंदी. चारही कोपऱ्यांवर कापडाच्या त्रिकोणी घड्या, ज्यांना त्या फुलं म्हणतात. बंगालमधली कांथा, जिच्या धावदोऱ्यातून मासे, हत्ती, कमळं उमटतात. आणि अमेरिकेतल्या अलाबामात, नदीच्या वळणावरचं गीज बेंड नावाचं गाव. गुलामगिरीतून सुटलेल्यांच्या पणत्या-नाती तिथे शेतातल्या जुन्या पँटींच्या गोधड्या शिवत. २००२ मध्ये त्या न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात मांडल्या गेल्या आणि २००६ मध्ये अमेरिकेच्या टपाल खात्याने त्यांची तिकिटं काढली. माझा ऊर भरून आला. फोन घेऊन मी वहिनींकडे धावलो. भिंतीवर टांगलेल्या त्या गोधड्या त्यांनी अगदी निरखून पाहिल्या, बोटांनी मोठ्या करून टाके तपासले, मान डोलावली. हात चांगला आहे म्हणाल्या. मग विचारलं, “आन् थंडीत ती माणसं अंगावर काय घेतात?” याचं उत्तर सुनेकडे नव्हतं, माझ्याकडेही नव्हतं. आमच्या पेटीचं काय झालं ते आठवून मी फोन ठेवला.

१२. ओली गोधडी उचलल्याशिवाय घरातल्या माणसांची गरज कळत नाही. वैशाखात सगळ्या गोधड्या कालव्यावर नेतात. डोलवहाळच्या बंधाऱ्यावरून येणारं हे पाणी उन्हाळ्यातही वाहतं असतं, म्हणून आमच्या बाजूला चैत्र-वैशाखातही भात हिरवं दिसतं. कोरडी गोधडी मी एका हाताने नेली, मोठ्या रुबाबात. पाणी प्यायल्यावर तीच गोधडी मला घेऊन कालव्यात निघाली. दादाने एक टोक धरलं, मी दुसरं, पुतण्याने मध्ये खांदा दिला आणि वहिनी काठावरून सूचना देत होत्या. पिळायला दोन माणसं समोरासमोर उभी राहून उलट दिशांना पीळ देतात. एकाने सोडलं की दुसरा भिजतो. दादा आणि मी जमिनीवरून चार वर्षं बोलत नव्हतो असा एक काळ होऊन गेला. वहिनी त्या चार वर्षांतही वैशाखात मला निरोप पाठवायच्या: गोधड्या धुवायच्या आहेत, माणूस कमी आहे. मला वाटायचं, खरंच माणूस कमी असेल.

१३. आपला वाटा चांगला निघाला तरच तो आपला म्हणून ओळखला जातो, असं नाही. गेल्या थंडीत नात आली होती, पाच वर्षांची. पोपटी लावली होती. भामुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, मडकं आणि रात्री उशिरापर्यंत शेकोटी. झोपताना वहिनींनी तिला ती जुनी गोधडी दिली, जिच्यात आता माझी लुंगी आहे. मध्यरात्री ती किंचाळून उठली. पायाचं बोट टाक्यात अडकलं होतं. दिवा लावून पाहिलं; खालचा कोपरा, वाकडी ओळ, बोटभर लांबीचा टाका. “कुणी शिवलंय हे?” तिने विचारलं. वहिनी म्हणाल्या, “तुझ्या आबांनी.” तिने बोट सोडवून घेतलं, माझ्याकडे एकदा संशयाने पाहिलं आणि पाय पोटाशी घेऊन झोपली. मी सुईचा डबा शोधू लागलो, म्हटलं तेवढी ओळ उसवून नीट घालतो. वहिनींनी दिवा मालवला. “आता राहूद्या, भावोजी. पुढल्या उसवणीला बघतील, कोण असतील ते.”